भारीचं पेट्रोल

माय, यंदाच्या उन्हाळ्यात मी वणीला गेले होते आणि तुझ्या पंपावर पेट्रोल भरून आले. एवढंच सांगायला बसले, पण ते एका ओळीत सांगता येत नाही. पेट्रोल धाकट्याच्या गाडीत भरलं, आणि ती एक टाकी भरायला आम्हा दोघा भावंडांना इतकी वर्षं लागली की तेवढ्यात त्याची पोरगी कॉलेजात गेली आणि माझ्यावर केस रंगवायची वेळ आली.

तुझा पंप म्हणते, जसा काही तो आपल्या मालकीचा होता. तू तिथं पगारावर उभी असायचीस. पण राजूरकडे जाणारे जुने ड्रायव्हर अजून त्याला 'बाईचा पंप' म्हणतात, तुझ्यानंतर तिथं कितीतरी माणसं येऊन गेली तरी. छत नवं झालंय, मशिनी नव्या आल्यात, भाव लाल दिव्यांच्या पाटीवर दिसतात. कोळशाचे ट्रक मात्र तसेच डिझेलच्या रांगेत उभे, आणि धूळही तीच, रुमालानं तोंड पुसलं की रुमाल काळा. ज्या खांबाला तू पाठ टेकायचीस त्या खांबाशी आता एक तरुण पोरगी उभी असते, पॅन्ट-शर्टात, तोंडाला ओढणी गुंडाळून. गाडी थांबली की ती तुझ्याच सुरात विचारते, "साधं का भारी?"

बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. ते त्याच मालकाचा टँकर चालवायचे, म्हणून मालकानं तुला पंपावर घेतलं. बाईमाणूस पेट्रोल टाकतं हे बघायला सुरुवातीला लोक उगाच गाडी थांबवायचे. तू साडीवर पंपाचा निळा शर्ट चढवायचीस, पदर कमरेला घट्ट खोचायचीस, आणि कोणी जास्त वेळ बघत राहिला की म्हणायचीस, "टाकी तिकडं हाय, भाऊ." घरी आल्यावर तुझा एक नियम होता. अंगावरची साडी बदलून, हात आधी राखेनं आणि मग लिंबाच्या सालीनं घासून झाल्याशिवाय तू चुलीच्या आसपास फिरकत नव्हतीस. पेट्रोलचा वास अंगाला आहे म्हणजे पेट्रोलच अंगाला आहे, असं तू धरून चालायचीस. त्यामुळे चूल पेटवायचं, वरण शिजत घालायचं काम धाकट्याकडे आलं. मला अभ्यास होता. तो बारा-तेरा वर्षांचा असताना भाकरी थापायचा, आणि ती इतकी जाड व्हायची की मी तिला टायर म्हणायचे. तू मोरीतून ओरडायचीस, "खा मुकाट्यानं, त्याचे हात भाजते."

मग अकरावीला मला आपल्या वस्तीवरून रोज वणीच्या कॉलेजात जावं लागलं आणि संध्याकाळी ट्यूशन. मालकाच्या मुलीची जुनी स्कूटी तू घेतलीस. रेल्वे फाटकापासून पुढचा जो ओसाड पट्टा आहे, जिथं एका बाजूला कोळशाचे ढिगारे आणि दुसऱ्या बाजूला बाभळी, तो तुझ्या डोक्यात बसला होता. ट्यूशनहून येताना तिथं पोचेपर्यंत दिवस मावळलेला असायचा. त्याच सुमारास पंपावर भारीचं पेट्रोल आलं. कंपनीची नावं लोकांच्या तोंडी बसेनात, म्हणून आपल्याकडे एक साधं आणि एक भारीचं. ते महाग, फारसं कोणी घेत नव्हतं. पण माझ्या स्कूटीत तू भारीचंच टाकायचीस. आधी मापानं ऑइल ओतायचीस, मग नोझल लावून टाकीवर वाकून बघत राहायचीस, दूध उतू जाऊ नये म्हणून बाई बघते तशी. मी कुरकुर करायचे की एवढं महागाचं कशाला. तू म्हणायचीस, "भारीच्यानं गाडी बंद नाही पडत. फाटकाच्या पुढं बंद पडली तं मी काय करू?"

हे कुणी सांगितलं होतं तुला, देव जाणे. कंपनीच्या माणसानं पंपावर येऊन भारीच्या पेट्रोलची तारीफ केली असेल, इंजिन साफ राहतं, गाडी मस्त पळते, आणि तू त्यातून तुला हवं होतं ते ऐकलंस. तुझी भीती मोठी होती, तिला काहीतरी औषध हवं होतं, आणि तुझ्या हाताशी जे होतं ते तू दिलंस.

आता ती जयंती. माझी बारावीची परीक्षा झाली होती. त्या दिवशी तुझी दरवर्षीची सुट्टी, पण बदलीचा माणूस आला नाही म्हणून मालकानं सकाळपुरतं बोलावलं, आणि तू पांढऱ्याशुभ्र साडीवर तो निळा शर्ट घालून उभी. शर्टाची इस्त्री केलेली, मुद्दाम. रॅलीच्या गाड्या पंपावर येतायत, निळे झेंडे, हॉर्न, गुलाल नाही पण निळ्या रंगानं माखलेले चेहरे. धाकटा येतो. त्याच्याखाली गॅरेजवाल्याची जुनी मोटारसायकल आहे, सुट्टीत तिथं राबून त्यानंच उभी केलेली. लायसनचं वय झालेलं नाही, पण जयंतीच्या दिवशी कोण विचारतो. मागे दुसऱ्या गाड्यांवर चार दोस्त. पंपवाल्या बाईचा पोरगा म्हणून तो ऐटीत उतरतो आणि स्वतःच भारीचं नोझल काढतो. मी स्कूटीवर शेजारीच उभी आहे, माझी टाकी तू आत्ताच भरलीस. तू येतेस आणि त्याच्या हातातून नोझल काढून घेतेस.

"ठेव थे. तुह्या गाडीले कायले पाह्यजे भारी? साधं टाक."

एक दोस्त म्हणतो, "काकू, आज जयंती हाय ना."

"हाय तं हाय. बंद पडली तं ढकलत येशीन. गडी माणूस हायेस तू."

सगळे हसतात. तोही हसतो. मला तर त्यात काही वावगं दिसलंच नाही, मीही हसले असेन. साधं पेट्रोल टाकून तो रॅलीत गेला आणि गाडी काही बंद पडली नाही. तू ते दुपारपर्यंत विसरून गेली असशील.

माझं पुढचं तुला माहीत आहे. यवतमाळचं इंजिनियरिंग कॉलेज, मग पुणे. मी काय काम करते ते तू विचारायचीस आणि मी 'गाड्या तपासते' एवढंच सांगायचे. आज नीट सांगते, कारण पुढचं त्यावाचून कळायचं नाही. आमच्याकडे इंजिन एका बंद खोलीत बांधून ठेवतात आणि वेगवेगळं पेट्रोल पाजून बघतात. भारीच्या पेट्रोलमध्ये ताकद जास्त असते असं सगळ्यांना वाटतं. नसते. जास्त असतो तो सोशिकपणा. ऑक्टेनचा आकडा एवढंच सांगतो की हे पेट्रोल किती दाब आणि किती उष्णता सहन करील आणि ठिणगी पडेपर्यंत गप्प राहील. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल दाबलं जातं, मग ठिणगी पडते, मग ते एका कडेकडून शिस्तीत पेटत जातं. पेट्रोल कमी सोशिक असेल तर उरलेला भाग ठिणगीची आग पोचायच्या आधी स्वतःच भडकतो आणि पिस्टनवर हातोडा बसावा तसा ठोका बसतो. त्याला नॉकिंग म्हणतात. साध्या इंजिनात दाबच कमी असतो, तिथं साधं पेट्रोलही भागवून नेतं आणि भारीच्याचा सोशिकपणा वापरलाच जात नाही. तुझ्या लेकीच्या स्कूटीत तू दोन वर्षं जे टाकलंस त्याचा त्या स्कूटीला रुपयाचाही उपयोग नव्हता, माय. बंद पडण्याशी तर त्याचा काडीचा संबंध नाही. हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. तुला सांगावंसं वाटलं नाही, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

धाकटा मात्र ढकलत राहिला. आधी कोळसा वाहणाऱ्या टिपरवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग एक स्वतःचा टिपर, आता बरेच आहेत. तू असताना त्याच्याकडे एकच होता आणि तोही कर्जाचा. गेल्या वर्षी त्यानं मुंबईहून एक स्पोर्ट्स कार आणली, कोणाची तरी वापरलेली, दोन दारांची, जमिनीला चिकटलेली. वणीचे गतिरोधक तिला चढवत नाहीत, ती तिरकी करून उतरवावी लागते. सगळं गाव तिला 'बेडूक' म्हणतं. त्याची बायको त्या गाडीत बसत नाही, म्हणते गुडघे तोंडाशी येतात. मला आधी हसू आलं, मग राग आला. आमचं बोलणं तसंही तू गेल्यापासून कामापुरतंच उरलं होतं. भांडण असं नाही, पण मी काही म्हटलं की तो म्हणायचा, "तू शिकलेली हायेस, तुले कळते." आणि तिथं बोलणं संपायचं. बारा-तेरा वर्षं मला हे कळलं नाही की त्याचं नेमकं काय दुखतंय. मी राखीला जायचे, तो साडी द्यायचा, आणि आम्ही दोघंही टीव्हीकडे बघत जेवायचो.

तर मे महिन्यात त्याचा फोन आला. "ताई, हे बेडूक मेलं नाही, पण जित्तंबी नाही. दाबलं तं पळते, पण मनातून नाही पळत. शोरूमवाले म्हणते सगळं ठीक हाय. मले फसवलं का काय? तू पाहून दे ना." त्यानं मला काही मागितलं असं कितीतरी वर्षांनी होत होतं. मी रजा टाकली, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचायचा स्कॅनर पिशवीत टाकला आणि आले.

वणीचं ऊन तुला सांगायला नको. दुपारी आम्ही निघालो, तो चालवतोय, मी शेजारी, स्कॅनरची वायर स्टिअरिंगखाली लावलेली. फाटकाच्या पुढच्या मोकळ्या रस्त्यावर मी त्याला म्हटलं, दाब. त्यानं दाबलं. मी आकडे बघत होते. असल्या गाडीच्या इंजिनावर एक कान बसवलेला असतो. नॉकिंगचा बारीकसा ठोका आला की तो ऐकतो आणि गाडीचा कॉम्प्युटर लगेच ठिणगी उशिरा पाडायला लागतो, इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या टर्बोचा जोरही कमी करतो. बाहेर आवाज नाही, दिवा लागत नाही, तक्रार नाही. गाडी मुकाट्यानं आपली ताकद कमी करून घेते आणि इंजिन वाचवते. त्यात आपल्याकडचं ऊन, आत येणारी हवाच तापलेली, म्हणजे ठोके आणखी लवकर. तो जितकं दाबत होता तितकी गाडी मागे सरत होती. बिघाड काहीच नव्हता.

"पेट्रोल कोणतं टाकतोस रे?"

"साधं."

"टाकीच्या झाकणात काय लिहिलंय थे वाचलं?"

"वाचलं."

"मग? असल्या गाडीले भारीचंच लागते. शौक म्हणून नाही, गरज म्हणून. कुठून भरतोस?"

"मायच्या पंपावरून."

"तिथं तं भारीचं मिळते."

"मिळते," तो म्हणाला. "पण थ्या पंपावर मी साधंच टाकतो."

मला हसू आलं आणि मी हसले. त्यानं गाडी बाभळीखाली घेतली, बंद केली. एसी बंद पडल्याबरोबर आत भट्टी झाली, तरी त्यानं काच उघडली नाही. "तुले थे जयंती आठवते का?" त्यानं विचारलं. मला आठवत होती, पण त्याला आठवत होती तशी नाही. त्याला ते चारही दोस्त, त्यांची नावं, तुझ्या शर्टाची इस्त्री, नोझल काढून घेताना त्याच्या बोटाला लागलेला तुझा हात, सगळं आठवत होतं. "तुह्या टाकीत भारीचं, माह्या टाकीत साधं," तो म्हणाला. "थ्या दिवशीचं नाही म्हणत मी. सगळंच."

मी ताबडतोब समजावायला लागले. मला वाटलं, हे तर सोपं आहे, याचा पुरावाच माझ्याकडे आहे. मी त्याला दाब सांगितला, ऑक्टेन सांगितला, स्कूटीचं इंजिन सांगितलं. म्हटलं, अरे, मायनं मला जे दिलं ते नुसतं जळून गेलं, माझ्या स्कूटीत आणि तुझ्या गाडीत काडीचा फरक नव्हता. तिला भीती वाटायची, फाटकापुढं गाडी बंद पडेल म्हणून. तिची समजूत चुकीची होती.

तो सगळं ऐकून घेतो. तुला माहीत आहे तो कसा ऐकतो, मान खाली घालून, बोटानं काहीतरी कोरत. मग म्हणतो, "म्हंजे थे फुकट गेलं."

"हो ना."

"तरी देल्लं ना तिनं."

मी स्कॅनरची वायर गुंडाळायला लागले.

"इंजिनले फरक नसन पडला, ताई. मले पडला. अन् भेव म्हणतेस तं, तिले तुह्यासाठी भेव वाटे. माह्यासाठी काहून नाही वाटलं? ढकलत येशीन म्हणे. ढकलतच आलो ना इथलोक."

बाहेरून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकाबरोबर ती हलकी गाडी थोडी हलत होती. मी माझ्या भावाकडे बघितलं, पोट सुटलेला, टक्कल पडत चाललेला, एवढे टिपर दारात असलेला माणूस, आणि मला खूप रडू आलं. तो घाबरला. म्हणाला, "अवं, रडतेस काहून, पेट्रोलचंच बोलून राह्यलो आपण." आणि गाडी सुरू केली.

पंपावर आलो. ती ओढणीवाली पोरगी पुढे आली. "साधं का भारी, भाऊ?" मी त्याच्याकडे बघतेय. त्याचं तोंड उघडलंय, आणि मला माहीत आहे काय निघणार आहे. तो त्या गाडीला असंच अर्धं चालवणार, तिला मागे सरत ठेवणार, आणि दर टाकीला तुला तेच ऐकवत राहणार. मी म्हणाले, "मायनं सांगतलं होतं तुह्यासाठी."

"काय?"

"का धाकट्याले म्हणाव, भारीचं टाकत जाय गाडीत. रातभर टिपर चालवते, मले भेव वाटते. दवाखान्यात म्हणे. तू चहा आणाले गेलता तव्हा."

तो माझ्याकडे बघत राहिला. टिपरला डिझेल लागतं हे तुला, मला आणि त्याला, तिघांनाही माहीत होतं. पण त्यानं ते विचारलं नाही. त्यानं विचारलं, "मंग मले काहून नाही सांगतलं?"

"राहून गेलं."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. त्यानं खाली उतरून स्वतः टाकीचं झाकण उघडलं आणि त्या पोरीला म्हणाला, "भारीचं टाक. फुल." आणि मग टाकीवर वाकून बघत उभा राहिला, अगदी तुझ्यासारखा, पेट्रोल गळ्यापर्यंत येईस्तोवर.

मी त्याला सांगून आले होते की लगेच फरक दिसायचा नाही. एकदा ठोके खाल्लेली गाडी चांगल्या पेट्रोलवर एकदम विसंबत नाही. ठिणगी थोडी लवकर पाडून बघते, ठोका येत नाही ना याची खात्री करते, मग आणखी थोडी लवकर पाडते. त्याचा फोन पुण्याला आला तेव्हा मी भाजी चिरत होते. "ताई, खुलली," एवढंच म्हणाला. मग बराच वेळ गाडीचं सांगत राहिला, चढावर कशी उठते, चंद्रपूरच्या रस्त्यावर कशी गेली. आता तो दर रविवारी फोन करतो. मला काही शिकलेली वगैरे म्हणत नाही. परवा त्याची पोरगी फोनवर आली आणि म्हणाली, "आत्या, आजीले गाड्यांचं लय समजे म्हंते पप्पा. बेडकात भारीचं टाकाचं हे तिनंच सांगून ठेवलं होतं ना?" मी हो म्हटलं. पंपावरही तो सगळ्यांना हेच सांगतो असं कळलं.

माय, तू असं काही म्हणाली नव्हतीस. तो चहा आणायला गेला होता हे खरं, आणि तू डोळे उघडलेस हेही खरं. तू एवढंच विचारलंस, "त्यानं काई खाल्लं का?" मी म्हटलं, खाल्लं असेल. तू परत डोळे मिटलेस. मी त्यातून पेट्रोल काढलं. ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं असतं तर त्याला पुरलं असतं का, हे मी कितीदा विचार करून बघितलं. मला वाटतं नसतं पुरलं. ते प्रत्येक आई विचारते, असं म्हणाला असता.

हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्न नाही. पण तुझा पत्ता असता आणि टपाल तिथवर जात असतं, तरी मी ते पाठवलं नसतं. तुला खोटं चालत नाही. तू वाचल्याबरोबर त्याला बोलावून सांगितलं असतंस की मी असं काई म्हटलंच नव्हतं बाप्पा, ताई उगाच सांगते. आणि तो पुन्हा साधं टाकायला लागला असता.